व्यापाराला नाक मुरडणारं राज्य : जोसॉन कोरियातली उतरंड आणि बाजार

दक्षिण कोरियाच्या एक हजार वॉनच्या नोटेवर यी ह्वांग या पंडितांचं चित्र आहे. थ्वेग्ये या नावाने ते जास्त ओळखले जातात. १५०१ साली जन्मले, १५७० साली वारले. कन्फ्युशियन तत्त्वज्ञानातले कोरियाचे थोर आचार्य. गंमत अशी, की आज नोटेवर विराजमान झालेल्या या गृहस्थांच्या हयातीत कोरियात रोजच्या व्यवहारात नाणं जवळपास चालतच नव्हतं. देणंघेणं व्हायचं ते तांदळात आणि सुती कापडात. मग एवढ्या मोठ्या माणसाची मालमत्ता कशात होती? त्यांच्या मुलाच्या मागे १५८६ साली नातवंडांत वाटण्या झाल्या. त्या वाटणीपत्रात साडेतीनशेहून जास्त नोबी आहेत. नोबी म्हणजे गुलाम. जमीनजुमला वेगळाच.

हा एक कागद नीट समजला तर जुन्या कोरियाचं अर्धं अर्थकारण समजतं. ज्याच्या घरी कापड विणणारी, भात कांडणारी, मासळी आणणारा, निरोप घेऊन दोन-दोन दिवस चालत जाणारा माणूस मालकीचाच आहे, त्याला बाजाराची पायरी चढायचं कारणच काय? शेती श्रेष्ठ आणि व्यापार हलका ही कन्फ्युशियन शिकवण होती हे खरं, आणि कोरियाबद्दलचं बरंचसं लिखाण तेवढं सांगून थांबतं. मला ते अपुरं वाटतं. हीच शिकवण चीनमध्येही होती, तरी सोळाव्या शतकात तिथला व्यापार चांगला फोफावला होता. कोरियातला बाजार इतका काळ रांगत राहिला, याची कारणं पोथीपेक्षा सारावसुलीत आणि घरातल्या गुलामांत जास्त सापडतात. आणि पुढे तोच बाजार वाढला, तेव्हा त्याने उतरंड मोडली नाही. लोकांनी हाती आलेला पैसा ओतून त्याच उतरंडीची वरची पायरी विकत घेतली.

राजासमोरच्या दोन रांगा

१३९२ साली यी सॉंगग्ये या सेनापतीने गोर्यो घराण्याची सत्ता उलथवली आणि जोसॉन राज्य सुरू झालं. शेवटच्या काही वर्षांत त्याने साम्राज्य असं नाव लावलं. पण घराणं तेच, आणि ते १९१० साली जपानने देश गिळेपर्यंत टिकलं. पाचशे वर्षांहून अधिक काळ एकच घराणं गादीवर. राजधानी हानयांग, म्हणजे आजचं सोल.

दरबारात राजा दक्षिणेकडे तोंड करून बसे. पूर्वेला मुलकी अधिकारी, पश्चिमेला लष्करी. या दोन रांगांतले लोक ते यांगबान. सुरुवातीला हे नाव फक्त पदावर असलेल्यांना होतं. शे-दीडशे वर्षांत ते त्यांच्या मुलानातवंडांनाही चिकटलं आणि त्याची जात झाली म्हणा ना. मात्र यांगबान कोण, याची व्याख्या १४८५ साली पक्क्या झालेल्या राज्याच्या कायदेसंहितेत कुठेच नाही. कायद्याला दोनच वर्ग ठाऊक होते: स्वतंत्र प्रजा आणि हीन प्रजा. यांगबानपण कायद्याने मिळायचं नाही, चारचौघांनी मानायचं असे. वडील, आजोबा, पणजोबा आणि आईचे वडील हे चार पूर्वज कोण होते, सोयरीक कुठे जुळते, घरात पितरांची कार्यं यथासांग होतात का, पोरं अभ्यासाला बसतात का, आणि घरातलं कुणी हातात नांगर धरत नाही ना, यावर गावकीत निवाडा व्हायचा.

पदाची वाट सरकारी परीक्षेतून जायची. मुलकी परीक्षेची मुख्य फेरी दर तीन वर्षांनी. त्यात फक्त ३३ जण उत्तीर्ण. मधूनमधून खास परीक्षाही होत. ते सगळे धरूनही जोसॉनच्या पाच शतकांत या सर्वोच्च परीक्षेतून साधारण १५ हजारच माणसं बाहेर पडली. कागदावर परीक्षा साध्या शेतकऱ्यालाही खुली होती. पण चिनी अभिजात ग्रंथ तोंडपाठ करायला वीस-पंचवीस वर्षं घरी बसून काढायची, तर मागे कुणीतरी राबणारं हवं. म्हणजे पुन्हा नोबी. शिवाय रखेलीच्या पोटच्या मुलांना, आणि ज्यांच्या आईने वैधव्यानंतर दुसरं लग्न केलं त्यांना, ही परीक्षा देताच येत नसे. बाप मंत्री असला तरी नाही.

बरं, सगळे यांगबान श्रीमंत होते असंही नाही. तीन-चार पिढ्या पद मिळालं नाही, वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे झाले, की घरात चूल पेटायची पंचाईत. तरी घोड्याच्या केसांची ती काळी टोपी डोक्यावरून उतरायची नाही. कोरियात अजून म्हण आहे: थंडीने मेला तरी यांगबान कोंड्याच्या शेकोटीजवळ बसणार नाही. गरीब यांगबानाने हाताने काम केलं किंवा दुकान मांडलं, की गावाच्या नजरेतून उतरला. उपाशी राहिला तर मात्र नाही उतरायचा.

त्यांच्या खाली दुभाषे, वैद्य, ज्योतिषी, हिशेबनीस, दरबारी चित्रकार अशा जाणकार लोकांचा एक मधला थर होता. मोठं पद यांना बंद. पण हाती कसब आणि परदेशी जाणाऱ्या वकिलातींत जागा. पुढे व्यापारात याच थराने चांगले हात मारले. जिल्ह्याच्या कचेऱ्यांत वंशपरंपरेने कारकुनी करणारेही याच्याच आसपासचे. त्यांना राज्याकडून पगार नव्हता. मग ते पोट कसं भरत असतील, हे सांगायला नको.

त्याखाली शेतकरी, कारागीर, व्यापारी. देशाचा सगळा भार या लोकांच्या खांद्यावर. आणि तळाशी हीन प्रजा: नोबी, खाटीक, डोंबारी-कलावंत, अंगात येणाऱ्या भगतिणी, दरबारी नर्तिका.

नोबी नेमके कोण

पंधराव्या ते सतराव्या शतकात लोकसंख्येतला साधारण तिसरा हिस्सा नोबी असावा, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. परकीय युद्धकैदी किंवा दुसऱ्या वंशाचे लोक नव्हेत. त्याच भाषेचे, त्याच चेहऱ्यामोहऱ्याचे कोरियन. काही सरकारचे, काही खासगी मालकांचे. त्यांची खरेदी-विक्री व्हायची, वारसा हक्कात वाटणी व्हायची. सतराव्या शतकापर्यंत उच्च घरांत मुलींनाही मुलांइतकाच वारसा मिळे, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या वाट्यालाही नोबी जात. आई किंवा बाप, दोघांपैकी एक जरी नोबी असला तरी मूल नोबी, हा फार काळ चाललेला रिवाज. गुलामांची संख्या वाढती राहील अशीच ही बेतणी होती.

पण नोबीचं चित्र एकरंगी नाही. मालकाच्या वाड्यात राबणारे वेगळे आणि दूरच्या गावी स्वतःचं घर करून राहणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा नोबी मालकाला वर्षाला ठरलेलं कापड किंवा धान्य पोचवायचा. बाकी त्याचं तो कसायचा. त्याच्या नावावर जमीन असू शकायची. नोबीच्या मालकीचे नोबी, अशीही उदाहरणं कागदोपत्री आहेत. त्यामुळे यांना गुलाम म्हणायचं की कुळं, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर ज्या माणसाला विकता येतं त्याला गुलामच म्हणावं.

कधी कधी एखादा वर येई. दोंगने गावचा सरकारी नोबी जांग यॉंगशिल याची कारागिरी राजा सेजोंगच्या नजरेत भरली. राजाने त्याला गुलामीतून सोडवून अधिकारी केलं आणि १४३४ साली त्याने बनवलेलं, आपोआप ठोके देणारं पाण्याचं घड्याळ राजधानीची अधिकृत वेळ सांगू लागलं. दरबारातल्या पंडितांनी या नेमणुकीला विरोध केला होता. अशा गोष्टी आजच्या कोरियाला फार आवडतात, पण नियम कळतो तो त्या विरोधावरून.

सारा, वेठ आणि वस्तू

आता मूळ मुद्द्याकडे. राज्याला उत्पन्न तीन वाटांनी यायचं: जमिनीचा सारा, अंगमेहनत आणि नजराणा.

साऱ्याबद्दल एक नमुनेदार गोष्ट. सेजोंगला सारा आकारण्याची पद्धत बदलायची होती. १४३० साली त्याने अधिकाऱ्यांपासून गावातल्या शेतकऱ्यांपर्यंत कौल घेतला. १,७२,८०६ जणांनी मत नोंदवलं. ९८,६५७ बाजूने, ७४,१४९ विरुद्ध. बहुमत मिळूनही राजाने घाई केली नाही. सुपीक सपाट प्रांतांचा होकार होता आणि डोंगराळ प्रांतांचा नकार, हे त्याने पाहिलं. जमिनीची प्रत आणि वर्षाचं पीकपाणी दोन्ही धरणारा नवा कायदा १४४४ साली आला. पंधराव्या शतकातल्या कुठल्या राजाने साऱ्यावर एवढी माणसं विचारली असतील, मला तरी आठवत नाही.

अंगमेहनत म्हणजे सरकारी वेठ आणि सैन्यसेवा. प्रत्यक्ष सैन्यात न जाता त्याबदली वर्षाला दोन ठाण कापड भरायची पद्धत पुढे रूढ झाली. यांगबानाला यातून सूट होती. ही सूट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच फिरतं.

बाजाराचा गळा खरा आवळला तो नजराण्याने. राजवाडा आणि सरकारी खात्यांना लागणारी प्रत्येक वस्तू, मध, कागद, कातडी, सुकी मासळी, औषधी मुळ्या, अमुक जिल्ह्याने अमुक इतकी अशी थेट वस्तुरूपात मागवली जायची. जेजू बेटाने संत्री, घोडे आणि समुद्राच्या तळाचे शंख पाठवायचे. सरकार हा देशातला सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक. पण हा गिऱ्हाईक विकत काहीच घेत नव्हता. वर उच्चवर्णीय घरांची गरज नोबी भागवत होते. मग विकत घेणारा उरला कोण?

यादीचा आणखी एक त्रास होता. ती एकदा ठरली की ठरली. जिल्ह्यातली अस्वलं संपली, मासे दुसरीकडे गेले, तरी मागणी कायम. मग मधले दलाल पुढे व्हायचे: तुमच्या वतीने आम्ही राजधानीत वस्तू भरतो, तुम्ही आम्हाला धान्य द्या. दर दलालाच्या तोंडाला येईल तो. कचेरीतले कारकून त्यांना सामील, त्यामुळे शेतकऱ्याने स्वतः आणलेला माल ‘कमअस्सल’ म्हणून परत फिरायचा. आपल्याकडच्या एखाद्या कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

राजधानीत दुकानं होती, पण तीही सरकारच्या तंत्राने. १४१२ पासून जोंगनो रस्त्यावर राज्याने स्वतः दुकानांच्या रांगा बांधल्या आणि व्यापाऱ्यांना भाड्याने दिल्या. एका मालाला एक दुकान. त्यांनी राजवाड्याला लागेल ते पुरवायचं, बदल्यात त्या मालाची शहरातली मक्तेदारी. यातली रेशीम, सुती कापड, कागद, मासळी वगैरेंची सहा मोठी दुकानं पुढे शतकानुशतकं टिकली. परवाना नसलेला कुणी तोच माल विकताना दिसला तर दुकानदार स्वतः त्याला पकडून माल जप्त करू शकत.

संधी हातची गेली त्याचा एक मासला चांदीचा. १५०३ साली दोन माणसांनी दरबारासमोर शिशातून चांदी वेगळी काढायची नवी रीत करून दाखवली. त्यातला एक नोबी होता. खाणींचं उत्पन्न वाढवायची ही नामी युक्ती. पण दरबाराला चांदी वाढण्याचीच धास्ती. चांदी वाढली की चैन वाढणार, लोक शेती सोडून खाणीकडे धावणार, शिवाय चीनच्या सम्राटाला सुगावा लागला तर तो खंडणीत चांदी मागणार. खाणकामावर बंधनं आली. तीस वर्षांत ही रीत समुद्रापार गेली आणि १५३३ पासून जपानच्या इवामी खाणीत तिचा वापर सुरू झाला. पुढे जपानची चांदी जगभर फिरली. कोरिया नंतर तीच चांदी जपानकडून घेऊ लागला.

एका कर-सुधारणेने काय काय हललं

१५९२ ते १५९८ जपानी स्वाऱ्या, पाठोपाठ १६२७ आणि १६३६ मध्ये उत्तरेकडच्या मांचू लोकांच्या. शेतं ओसाड, जमिनीची दप्तरं जळालेली, तिजोरी रिकामी. अशा वेळी १६०८ साली राजधानीभोवतालच्या प्रांतात नवा कायदा लागू झाला: देदोंग. कल्पना सोपी आहे. वस्तूंचा नजराणा बंद. त्याऐवजी जमिनीच्या प्रमाणात तांदूळ, आणि जिथून तांदूळ आणणं अवघड तिथून कापड किंवा पुढे नाणी. जे लागेल ते सरकार विकत घेईल.

सोपी कल्पना देशभर पोचायला शंभर वर्षं लागली, १७०८ पर्यंत. अडलं कुठे? पूर्वीचा नजराणा घरटी बसायचा. शंभर एकरवाला आणि एक बिघावाला जवळपास सारखेच भरडले जायचे. आता कर जमिनीवर आला. ज्याची जमीन जास्त त्याचा कर जास्त. दरबारात बसलेले सगळे जमीनदारच, तेव्हा नियमांचा कीस पाडत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. किम युक नावाच्या मंत्र्याने आयुष्यभर या एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला. १६५१ साली त्याने चुंगचॉंग प्रांतात कायदा लागू करवला आणि १६५८ साली दक्षिणेच्या जॉल्ला प्रांतासाठी आग्रह धरता धरताच तो वारला. त्याचं नाव कोरियाबाहेर फारसं कुणी घेत नाही. माझ्या मते कोरियन बाजाराचा खरा जनक कुणी असेल तर हा कर्मठ कन्फ्युशियन गृहस्थच. व्यापार वाढावा म्हणून त्याने हे केलं नव्हतं. शेतकऱ्याचा जाच कमी व्हावा एवढाच त्याचा हेतू.

पण सरकार गिऱ्हाईक झालं आणि चक्र फिरलं. सरकारी खरेदी करणारे कंत्राटदार उभे राहिले. त्यांना आगाऊ तांदूळ, कापड किंवा नाणी मिळायची. त्यांनी मागणी नोंदवली म्हणून कारागीर सरकारी चाकरी सोडून स्वतःसाठी घडवू लागले. तांदूळ राजधानीला आणायला होड्या लागल्या, म्हणून हान नदीवरचे नावाडी व्यापारी झाले. बंदरांवर माल उतरवून घेणारे, साठवणारे, गिऱ्हाईक जुळवून देणारे आणि रात्री मुक्कामाला जागाही देणारे अडते आले. १६७८ पासून सरकारने मधोमध चौकोनी भोक असलेली तांब्याची नाणी नेटाने पाडायला घेतली. आधीच्या दोन शतकांत नोटा आणि नाण्यांचे प्रयोग फसले होते. या वेळी नाणं रुजलं, कारण ते खर्चायला जागा होती आणि कर त्यातच भरता येत होता. उलट पुढे श्रीमंतांनी नाणी हंड्यांत भरून ठेवल्यामुळे अठराव्या शतकात तुटवड्याची ओरड झाली.

खेड्यात याचं रूप म्हणजे पाच दिवसांचा बाजार. पंधराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत दुष्काळाच्या दिवसांत असे बाजार भरू लागले, तेव्हा दरबाराने बंदी घालून पाहिली. नंतर नाद सोडला. अठराव्या शतकात देशात सुमारे हजार ठिकाणी ते भरत. एका गावी महिन्याच्या २ आणि ७ तारखेला (मग १२, १७ असे पुढे), शेजारच्या गावी ३ आणि ८ ला. पाच गावांची फिरती लागली की फेरीवाल्याचा आठवडा भरला. यांच्यात दोन प्रकार: गाठोड्यात कापड, दागिने, कंगवे घेऊन हिंडणारे आणि पाठीवरच्या लाकडी घोडीवर मीठ, मासे, मडकी वाहणारे. देश डोंगराळ, रस्ते अरुंद, गाड्या जवळपास नाहीतच. त्यामुळे देशांतर्गत व्यापार खऱ्या अर्थाने माणसाच्या पाठीवर चालला. त्यांच्या संघटना कडक शिस्तीच्या होत्या. वाटेत कुणी आजारी पडला किंवा मेला तर सोबत्यांनी सगळं करायचं, आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षाही सोबत्यांनीच द्यायची.

मोठे व्यापारी वेगळे. केसॉंग ही आधीच्या राजघराण्याची राजधानी. तिथल्या लोकांना नव्या राज्यात पदं मिळणं अवघड, म्हणून सुशिक्षित घरंही व्यापारात शिरली. त्यांनी देशभर आपल्या पेढ्यांचं जाळं विणलं, जिन्सेंग या औषधी मुळीचा धंदा हातात घेतला आणि जमा-खर्च, येणं-देणं चारही बाजूंनी ताडून पाहणारी स्वतःची हिशेबपद्धत काढली. चीनच्या सीमेवर उइजूचे व्यापारी, जपानसमोर दोंगनेचे. बीजिंगला जाणाऱ्या वकिलातीतल्या दुभाष्यांना प्रवासखर्चासाठी ठरावीक जिन्सेंग सोबत न्यायची परवानगी होती. तिकडे विकायचं, रेशीम आणायचं, ते जपान्यांना चांदीवर द्यायचं. दुभाष्याच्या पोटी जन्मलेला माणूस मंत्री होऊ शकत नव्हता. मंत्र्याला कर्ज मात्र देऊ शकत होता.

मानदॉकचं बक्षीस

या काळात पैसा आणि प्रतिष्ठा यांचं नातं कसं होतं, हे जेजू बेटावरच्या किम मानदॉक या बाईच्या गोष्टीत लख्ख दिसतं. जन्म १७३९ चा, घर साध्या प्रजेचं. लहानपणी आईबाप गेले, एका दरबारी नर्तिकेने आसरा दिला आणि पोरीचं नाव नर्तिकांच्या सरकारी यादीत चढलं. म्हणजे एका नोंदीने ती हीन प्रजेत गेली. मोठी झाल्यावर तिने अर्जावर अर्ज करून ते नाव काढून घेतलं, बंदरावर अडत टाकली आणि बेटाचा माल मुख्य भूमीवर, तिकडचं धान्य-कापड बेटावर असा व्यापार करत गडगंज झाली.

१७९४ साली वादळाने बेटावरचं पीक गेलं. सरकारी धान्याची काही जहाजं वाटेतच बुडाली. मानदॉकने स्वतःचा पैसा घालून मुख्य भूमीवरून धान्य आणवलं आणि वाटलं. हजारो जीव वाचले. राजा जॉंगजोने विचारलं, काय हवं? तिने राजवाडा आणि गुमगांग पर्वत पाहायची इच्छा सांगितली. मागणी दिसते साधी, पण जेजूच्या बायकांना बेट सोडायची बंदी होती, आणि साध्या प्रजेतली बाई राजवाड्यात पाऊल टाकू शकत नव्हती. तोडगा काय काढला? तिला राजवैद्यकखात्यात एक नाममात्र पद दिलं. १७९६ मध्ये ती हानयांगला आली ती व्यापारी म्हणून नव्हे, पदधारी म्हणून. पुढच्या वसंतात तिने पर्वत पाहिला आणि बेटावर परत गेली.

तिचं छोटं चरित्र मुख्यमंत्री छे जेगोंग यांनी लिहिलं. १७९१ साली जोंगनोच्या बहुतेक दुकानांचा, परवाना नसलेल्यांना पकडायचा हक्क राजाकडून रद्द करवून घेणारेही हेच. भाजी किंवा गवताच्या चपला विकणाऱ्या गरिबालाही दुकानदार धरून नेत आणि शहरात महागाई होई, असं त्यांचं म्हणणं. फक्त सहा मोठ्या दुकानांचा हक्क राहिला. त्याआधी, १७८६ साली, पाक जेगा या विद्वानाने तर राजाला थेट सुचवलं होतं की रिकामटेकड्या यांगबानांना व्यापाराला लावा, भांडवल द्या. जेगा स्वतः रखेलीचा मुलगा. मोठ्या पदाचे दरवाजे त्याला बंदच होते. बीजिंग पाहून आलेल्या या माणसाला गाड्या नसलेला, काटकसरीलाच सद्गुण मानणारा आपला देश फार खुपायचा. विहिरीचं पाणी उपसलं की भरतं आणि नाही उपसलं की आटतं, तसं धनाचं आहे, असं तो सांगे. त्याची सूचना कुणी मनावर घेतली नाही.

पैसा झाला, आता पूर्वज हवेत

मग नवश्रीमंत शेतकरी आणि व्यापाऱ्यांनी पैशाचं काय केलं? काहींनी जमीन घेतली. आणि ज्याला जमलं त्याने यांगबान व्हायचं पाहिलं. सैन्यकराचं कापड वाचतं, कारकून अदबीने बोलतो, मुलाला परीक्षेला बसवता येतं. वाटा तीन होत्या. पहिली सरकारनेच काढली: युद्धात आणि दुष्काळात धान्य देणाऱ्याला मानद पदाची सनद, आणि तिच्यात नावाची जागा कोरी. ज्याने धान्य दिलं त्याचं नाव भरायचं. दुसरी, कारकुनाचे हात ओले करून घरांच्या सरकारी नोंदीत स्वतःला ‘विद्यार्थी’ लिहून घ्यायचं. विद्यार्थ्याला सैन्यकर नाही. तिसरी, एखाद्या नामांकित कुळाच्या छापील वंशावळीत, जिथे शाखा निर्वंश झाली आहे तिथे पैसे देऊन आपली शाखा चिकटवायची.

देगू भागातल्या घरनोंदींचा हिशेब एका जपानी संशोधकाने १९३८ साली मांडला, तो थक्क करणारा आहे. १६९० मध्ये यांगबान घरं ९.२ टक्के, साधी प्रजा ५३.७, नोबी ३७.१. १८५८ मध्ये यांगबान ७०.३ टक्के, साधी प्रजा २८.२, नोबी १.५. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जवळजवळ सगळं गाव साहेब! १८०० साली राजधानीत एका दिवसाच्या परीक्षेला एक लाखाहून जास्त माणसं लोटली होती.

अर्थात, कागदावर साहेब झालेले सगळे पंगतीला बसत नव्हते. जुन्या घराण्यांनी आपली गावपातळीवरची वेगळी यादी राखली होती. तिच्यात नवख्याला शिरकाव नव्हता, आणि सोयरीक तर दूरच. पण करासाठी कागदच पुरेसा होता. आणि इथे या साऱ्याचं ओझं कुणावर पडलं ते दिसतं. जिल्ह्याने भरायचं कापड ठरलेलंच. भरणारी घरं मात्र घटत चालली. १७५० साली राजा यॉंगजोने दोन ठाणांचं एक ठाण केलं, तरी भागेना. मग मेलेल्या माणसांच्या नावाने कर, पाळण्यातल्या पोराच्या नावाने कर. जोडीला सरकारी कोठाराचं धान्यकर्ज. वसंतात द्यायचं आणि सुगीला व्याजासकट घ्यायचं, अशी ही मूळची दुष्काळनिवारणाची सोय. तिचं सक्तीच्या सावकारीत रूपांतर झालं. १८६२ साली जिंजूपासून दक्षिणेत उठावांची मालिका सुरू झाली ती यातूनच. यांगबानाला सैन्यकरात आणायला १८७१ उजाडावं लागलं, आणि तोही माणसाच्या नावाऐवजी घरावर लावून, म्हणजे साहेबांची लाज राहील अशा बेताने.

नोबी कुठे गेले? बरेचसे सरळ पळाले. बाजार वाढला तशी बंदरांत, खाणींत, शहरात मजुरी मिळू लागली आणि पळून जाण्याला अर्थ आला. मालकांनाही पोसायच्या गुलामापेक्षा बटाईदार आणि रोजंदार स्वस्त पडू लागले. १७३१ नंतर मुलाचा दर्जा फक्त आईवरून ठरू लागला, त्यामुळे नवे नोबी जन्माला येणंही घटलं. १८०१ साली सरकारने आपले सुमारे ६६ हजार नोबी मोकळे केले आणि त्यांच्या नोंदवह्या जाळल्या. भूतदया असेलही, पण नोबी सैन्यकर भरत नव्हता आणि मोकळा झालेला भरणार होता, हेही हिशेबात होतंच. १८८६ मध्ये वंशपरंपरागत गुलामी संपली. १८९४ च्या सुधारणांनी नोबी, यांगबानांचे हक्क, सरकारी परीक्षा आणि जोंगनोच्या सहा दुकानांची मक्तेदारी, सगळं एका दमात रद्द केलं.

आज कोरियात किम, ली आणि पाक या तीनच आडनावांचे लोक साधारण ४५ टक्के आहेत, आणि बहुतेक घरांच्या वंशावळीत वर कुणीतरी मंत्री किंवा राजा सापडतोच. एके काळी तिसरा हिस्सा असलेल्या नोबींचा वंशज म्हणून स्वतःची ओळख सांगणारा मात्र विरळा.

कायदा बदलल्यावर चारच वर्षांनी, ऑक्टोबर १८९८ मध्ये, जोंगनोवर अधिकारी आणि नागरिकांची मोठी सभा भरली. पहिल्यांदा बोलायला उभा राहिला पाक सॉंगचुन, जातीने खाटीक. डोक्यावरच्या मांडवाकडे बोट दाखवून तो म्हणाला, की एका खांबावर हा तोलणार नाही, अनेक मिळून धरले तरच ठाम उभा राहतो. याच पाकचा मुलगा १९०८ साली कोरियातल्या पहिल्यावहिल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांत होता. सभेवर पुढच्या महिन्यात हल्ला झाला. हल्ला करणारे यांगबान नव्हते. दरबाराने पाठवलेले ते पाठीवर ओझी वाहणारे फेरीवाले होते. सुधारणांमध्ये त्यांच्या संघटनेचे खास हक्क बुडाले होते, आणि ते परत द्यायला राजाच हवा होता.